गाडीचे बोल्ट आणि गंज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा सरला की दुचाकी गाड्या सर्व्हिसिंगला खोलल्या जातात, आणि मग कळतं की कुठला नट हलत नाही, कुठल्या स्क्रूचं डोकं गेलंय. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी गंजलेल्या नट-बोल्टांविषयीची पत्रं एकत्र घेतली आहेत. मोठे प्रश्न सविस्तर घेतले, छोटे थोडक्यात.

प्रश्न (अलिबाग) : माझी १५० सीसीची गाडी दोन वर्षांची आहे. रोज पुसतो, पावसात शक्यतो बाहेर काढत नाही. तरी साइड स्टँड, नंबर प्लेट आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट लाल झालेत. पुण्यात भावाकडे हेच मॉडेल माझ्याहून जुनं आहे, त्याला डाग नाही. मला हलके बोल्ट लावून दिले असतील का?

बोल्ट तेच आहेत, हवा वेगळी आहे. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात खारे कण असतात. ते गाडीवर बसतात आणि हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतात. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओल धरतं. म्हणून किनाऱ्यावर पाऊस नसतानाही बोल्टवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर टिकून राहतो. हात लावला तर कोरडं वाटतं, पण लोखंडाला तेवढं पाणी पुरतं. त्यातलं मीठ विजेचं वहन सोपं करतं आणि गंजण्याची क्रिया वेग घेते.

आता बोल्टकडे पाहा. गाडीच्या बहुतेक बोल्टांवर जस्ताचा मुलामा असतो, ज्याला आपण झिंक प्लेटिंग म्हणतो. त्याची जाडी साधारण ५ ते ८ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. त्यामुळे आधी पांढरी भुकटी दिसते, ती जस्ताची. जस्त संपलं की लाल डाग येतो. पांढरी भुकटी दिसली तेव्हाच हालचाल केली, तर बोल्ट वाचतो. डाग सुरू होतो तो बहुधा डोक्याच्या कोपऱ्यांवर, कारण सैल बसणारा फिक्स पाना तिथेच मुलामा खरवडतो. शक्य तिथे रिंग पाना किंवा सॉकेटच वापरायला सांगा.

रोज कोरड्या फडक्याने पुसण्याने मीठ निघत नाही. ते पसरतं, आणि फटीत तर फडकं पोचतच नाही. मीठ पाण्यात विरघळतं, तेव्हा ते धुऊनच काढावं लागतं. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने, साध्या नळीने, कमी दाबाने धुवा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी-बोअरचं पाणी मचूळ असतं, त्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. नळाचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. साइड स्टँडची खुंटी, चेन ॲडजस्टर, मडगार्डची आतली बाजू आणि ॲलन बोल्टच्या डोक्यातले खळगे विसरू नका. खळग्यात पाणी दिवसेंदिवस साचून राहतं. धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा. इंजिनच्या उबेने फटीतलं पाणी उडतं.

पूर्ण वाळल्यावर बोल्टांच्या डोक्यांवर मेणाचं किंवा लॅनोलिनचं (लोकरीतून निघणाऱ्या मेणासारख्या पदार्थाचं) गंजरोधक लहान ब्रशने पातळ लावा. ते मिळालं नाही तर साधं व्हॅसलीन चालतं, फक्त उन्हात ते पातळ होऊन ओघळतं, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. ॲलनच्या खळग्यात ग्रीस भरून ठेवा. किनाऱ्यावर पावसाळ्यात चार ते सहा आठवड्यांनी आणि एरवी तीन महिन्यांनी हे करावं. ब्रेक डिस्क, पॅड, टायर आणि सायलेन्सर यांच्या जवळपास यातलं काहीही जाऊ देऊ नका.

गाडी ताडपत्रीने किंवा प्लास्टिकने गच्च झाकत असाल तर ते बंद करा. आत ओल कोंडते. हवा खेळणारं कापडी कव्हर घाला, तेही गाडी कोरडी झाल्यावरच.

प्रश्न (सातारा) : सायलेन्सरच्या बेंडचे हेडजवळचे दोन नट फिरत नाहीत. एकाचे कोपरे अर्धे मेलेत. गॅरेजवाला म्हणतो, जोर लावला तर स्टड तुटेल. घरी काय करता येईल?

तो बरोबर सांगतोय आणि त्याने जोर लावला नाही हे चांगलं केलं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगतो आणि नट स्टडला, म्हणजे इंजिनच्या हेडमधून बाहेर आलेल्या बिनडोक्याच्या आट्यांच्या दांडीला, आवळून धरतो. सायलेन्सरजवळ रोजचं तापणं-निवणं असल्यामुळे हे फार लवकर होतं. लहान गाड्यांत हा स्टड बहुधा ६ एमएमचा असतो. लांब पान्याने तो पिळून तोडायला फारशी ताकद लागत नाही.

घाई करू नका, तीन दिवस हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी गाडी थंड असताना स्टडचं उघडं टोक वायर ब्रशने चकचकीत करा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण नट बाहेर येताना त्याच आट्यांवरून येणार आणि तिथला गंज त्याला पुन्हा अडवणार. मग पेनिट्रेटिंग ऑइल नट आणि फ्लँजच्या सांध्यात आणि स्टडच्या टोकाकडून सोडा. सकाळ-संध्याकाळ चार-पाच थेंब पुरेत. दरवेळी नटाच्या बाजूंवर लहान हातोडीने टकटक करा, ठोसे नकोत. त्या कंपनाने गंजाच्या थराला बारीक चिरा पडतात आणि तेल आत शिरतं. तेल टाकलेल्या अवस्थेत इंजिन सुरू करू नका, धूर होतो आणि पेटायची भीती असते. गाडी लागणारच असेल तर तेल पुसून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा.

तिसऱ्या दिवशी सहाकोनी सॉकेट घ्या. बाराकोनी सॉकेट किंवा रिंग कोपऱ्यांवरच दाबते, सहाकोनी सपाट बाजूंवर बसते. ६ एमएमच्या नटाला बहुधा १० नंबर लागतो. आधी नट किंचित आवळायच्या दिशेने दाबून पाहा. गंजाचं बंधन कुठल्याही दिशेने तुटलं तरी चालतं. मग सैल करायच्या दिशेने. हलला की लगेच पूर्ण काढायला जाऊ नका. पाव फेरा बाहेर, अर्धा पाव आत, एक थेंब तेल, पुन्हा पाव फेरा. नट कुरकुरतोय तोवर ठीक. रबर पिळल्यासारखं लवचीक वाटायला लागलं तर थांबा, स्टड पिळला जातोय आणि पुढच्या जोरात तुटेल.

नाहीच हलला तर उष्णता. तेल आधी पूर्ण पुसून टाका. हीट गनने किंवा गॅरेजमधल्या छोट्या टॉर्चने फक्त नट तापवा म्हणजे तो फैलावेल. पेट्रोलची टाकी काढून बाजूला, नळी बंद, वायरिंग ओल्या फडक्याने झाकलेलं आणि जवळ पाण्याची बादली. या चारांपैकी एक जरी गोष्ट शक्य नसेल तर हे काम घरी करू नका. नट गरम असताना मेणबत्ती आट्यांना टेकवा, वितळलेलं मेण आत ओढलं जातं.

ज्या नटाचे कोपरे मेलेत, त्याचा मोह सोडा. त्यावर पकड लावून उरलेले कोपरेही जातात. तो नट छन्नीने किंवा नट स्प्लिटरने उभा चिरायचा. नट दोन-तीन रुपयांचा, स्टड हेडमधून तुटला तर हेड उतरवावं लागू शकतं. तरीही तुटलाच आणि थोडा भाग बाहेर उरला, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्यावं. वेल्डिंगच्या उष्णतेनेच बहुतेक स्टड सुटतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फैलावतं, त्यामुळे हेड गरम झालं की भोक मोठं होतं. बाजारात मिळणारे उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर मात्र जपून वापरा. ते कडक पोलादाचे असतात, भोकात तुटले तर त्यांना ड्रिल लागत नाही आणि मग लेथवाल्याकडेही काम अवघड होतं.

नवे स्टड बसवताना नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले घ्या, आणि आट्यांना उच्च तापमानाचं अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारी पेस्ट, लावा. पुढच्या वेळी ते पाच मिनिटांत निघतील.

प्रश्न (पुणे) : क्लच कव्हरचे प्लस स्क्रू निघत नाहीत. दोनांची डोकी गुळगुळीत झाली. स्क्रू ड्रायव्हर चांगल्या कंपनीचा आहे.

कंपनी चांगली असेल, पण टोक वेगळ्या मापाचं असणार. जपानी बनावटीच्या आणि त्यांच्या धर्तीवरच्या गाड्यांमध्ये प्लस स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) पद्धतीचे असतात. बाजारात सहज मिळणारा ड्रायव्हर फिलिप्स पद्धतीचा. दिसायला दोन्ही सारखे, पण फिलिप्सचं टोक जेआयएस खाचेत तळापर्यंत जात नाही आणि जोर लावला की वर उसळून खाच खातं. स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका दिसला तर तो जेआयएस. त्यासाठी ३ नंबरचं जेआयएस टोक लागतं, काही छोट्या स्क्रूंना २ नंबर.

इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. हा हातोडीने ठोकायचा जाडजूड ड्रायव्हर, प्रत्येक ठोशाला टोक आत दाबून थोडं फिरतं. दिशा सैल करायच्या बाजूला आहे ना, हे आधी तपासा. अनेकदा तो आवळायच्या दिशेला ठेवूनच ठोकला जातो. दोन-तीन नेमके ठोसे पुरतात. गुळगुळीत झालेल्या दोन स्क्रूंना धारदार छोट्या छन्नीने डोक्याच्या कडेला खाच पाडा आणि छन्नी तिरकी धरून डावीकडे ठोका. त्यानेही न निघाल्यास डोकंच ड्रिलने उडवा. कव्हर निघालं की उरलेली दांडी बाहेर दिसते आणि बहुतेक वेळा व्हाइस ग्रिपने हातासरशी सुटते, कारण डोक्याखालचा ताण गेलेला असतो.

नव्याने बसवताना त्याच लांबीचे ॲलन बोल्ट लावा. लांबी जागोजागी वेगळी असते. जुने स्क्रू काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात तसेच खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर तळ टेकून आटे मरतात किंवा इंजिनची केसिंग फुटू शकते.

प्रश्न (कोल्हापूर) : १९९१ ची आरएक्स १०० पूर्ण खोलली आहे. दोन डबे भरून बोल्ट निघालेत, सगळे गंजलेले. मूळ बोल्टच वापरायचे आहेत. ॲसिडमध्ये टाकून साफ करून प्लेटिंग करावं म्हणतो. कुठलं ॲसिड, किती वेळ?

मूळ बोल्ट टिकवायचा विचार योग्य आहे. त्याला एक व्यवहाराचं कारणही आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा १० एमएम बोल्ट बहुधा १.५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतो, जपानी गाड्यांत बऱ्याच ठिकाणी १.२५ पिच असतं. दोन आटे सहज जातात, मग अडकतो, आणि तिथे पान्याचा जोर लावला की भोकाचे आटे मरतात. डोक्याचं मापही वेगळं : ८ एमएमच्या बोल्टला दुकानात १३ चा पाना लागतो, गाडीवर १२ चा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डब्यातले सगळे बोल्ट एकत्र ॲसिडमध्ये टाकू नका. आधी डोक्यावरचे ताकदीचा दर्जा सांगणारे आकडे पाहून वाटणी करा. ८.८ पर्यंतचे एका बाजूला. १०.९, १२.९ आणि ज्यांच्यावर आकडा नाही पण काम जोखमीचं आहे, म्हणजे ॲक्सल, स्विंग आर्म, हँडल क्लँप, ब्रेकचे, ते दुसऱ्या बाजूला. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन तयार होतो आणि कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. असा बोल्ट साफ आणि चकचकीत दिसतो, आवळताना काही कळत नाही, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटतो. दुसऱ्या ढिगातले बोल्ट फक्त वायर ब्रशने साफ करा, तेलाचा हात द्या. दांडीला खड्डे पडले असतील तर नवे कंपनीचेच घ्या. हौशी लोक बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेने गंज काढतात, त्यातही हायड्रोजन बोल्टवरच निघतो, म्हणून याच ढिगाला तीही पद्धत नको.

पहिल्या ढिगासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, पुरेसं आहे. आधी रॉकेलने आणि मग भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा पूर्ण काढा. तेलाचा थर राहिला तर ॲसिड तिथे पोचत नाही आणि बोल्ट ठिपक्याठिपक्यांचा निघतो. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, प्लास्टिकच्या भांड्यात. बोल्ट एकमेकांवर दाटीने रचू नका. दर अर्ध्या तासाने काढून पितळी ब्रशने घासा. हलका गंज तासाभरात आणि जुना तीन-चार तासांत सुटतो. रात्रभर विसरू नका, गंज संपल्यावर ॲसिड लोखंड खायला लागतं आणि आट्यांची धार जाते. ॲल्युमिनियमचे, पितळी आणि क्रोमचे तुकडे यात अजिबात नकोत.

बाहेर काढल्यावर राखाडी, नागडा बोल्ट हातात येतो. त्याचं जस्त पूर्ण गेलेलं असतं आणि तो दहा मिनिटांत पुन्हा पिवळा पडू शकतो. म्हणून पुढची तयारी आधीच मांडून ठेवा. एक लिटर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवा, फेस यायचा थांबला की उकळत्या पाण्यातून काढा आणि हेअर ड्रायरने लगेच वाळवा. गरम बोल्ट लवकर वाळतो. त्याच दिवशी प्लेटिंगला द्यायचे नसतील तर तेलात बुडवून ठेवा.

प्लेटिंगवाल्याला देण्याआधी सगळ्यांचा फोटो काढा, मोजा आणि वजन करा. लहान वायसर पिंपात हरवतात, ते तांब्याच्या तारेत ओवून द्या. मूळ रूप पिवळसर असेल तर पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे जस्तावरचा रासायनिक संरक्षक थर, मागा. जाडी ८ मायक्रॉनच्या पुढे नको. आट्यांच्या दोन्ही उतारांवर थर बसत असल्यामुळे आट्याचं मोजमाप थराच्या चौपट वाढतं, आठाचे बत्तीस मायक्रॉन होतात आणि नट दाटायला लागतो. प्लेटिंगवालेही बोल्ट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवतात, त्यामुळे दुसऱ्या ढिगातला एकही बोल्ट यात जाऊ देऊ नका. कुणी १०.९ प्लेट करून देतो म्हणालं तर १९० ते २२० अंशांवर काही तास भट्टीत भाजून देणार का, तेही प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, एवढं विचारा. हे करणारं ठिकाण नसेल तर विषय सोडा.

प्रश्न (ठाणे) : ऑनलाइन पूर्ण गाडीचं स्टेनलेस बोल्ट किट मिळतं. एकदाच बदलले की गंजाची कटकट संपेल ना?

नंबर प्लेट, मडगार्ड, फेअरिंग, साइड पॅनेल, लेग गार्डच्या जाळ्या, इथे जरूर लावा. ब्रेक कॅलिपर, डिस्क, ॲक्सल, हँडल क्लँप, शॉक ॲब्झॉर्बर, फूटरेस्ट, साइड स्टँड, स्प्रॉकेट आणि इंजिन माउंटिंग या ठिकाणी लावू नका. किटमध्ये आलेत म्हणून तर नाहीच.

कारण ताकदीचं आहे. सर्वसाधारण स्टेनलेस बोल्टवर ए२-७० लिहिलेलं असतं. त्याची तुटण्याची मर्यादा ७०० मेगापास्कल, आणि कायमचा ताणला जाण्याची फक्त ४५०. ८.८ च्या बोल्टची हीच जोडी ८०० आणि ६४० आहे, १०.९ ची १००० आणि ९००. म्हणजे कॅलिपरला १०.९ च्या जागी ए२ लावला तर निम्म्या ओझ्याला तो लांबायला लागतो. लांबलेला बोल्ट सैल होतो आणि हे बाहेरून दिसत नाही.

दुसरी अडचण ॲल्युमिनियमची. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की एक छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. बोल्ट नवा दिसतो, भोकातले आटे पांढऱ्या भुकटीत जातात. इंजिन कव्हरला लावायचेच असतील तर प्रत्येक बोल्टला निकेलयुक्त अँटी-सीझ लावा, डोक्याखालीही. ते लावल्यावर घर्षण कमी होतं, त्यामुळे नेहमीचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा ठरलेला जोर, दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा २० ते २५ टक्क्यांनी कमी करा. ६ एमएमला पुस्तकात १० न्यूटन-मीटर असेल तर साडेसात-आठवर थांबा.

तिसरी, स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर एअर गनने फिरवला तर दोन्ही एकमेकांत वितळल्यासारखे चिकटतात. मग कापण्यावाचून उपाय नाही. हाताने, हळू, वंगण लावून.

तुम्ही खाडीजवळ राहत असाल तर ए२ वरही तपकिरी डाग येतील. स्टेनलेसच्या ए४ प्रकारात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. किंमत जास्त आहे, पण दिसणाऱ्या दहा-बारा बोल्टांसाठी परवडतं.

प्रश्न (नागपूर) : पावसाळ्यात रोज डब्ल्यूडी-४० मारतो. एवढं पुरेल?

पुरणार नाही. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे १९५३ मध्ये अमेरिकेत चाळिसाव्या प्रयत्नाला जमलेलं मिश्रण. पाणी हटवायचं काम ते उत्तम करतं. मागे उरणारा थर मात्र फार पातळ असतो, पहिल्या जोरदार पावसात धुऊन जातो. धुतल्यावर पाणी काढायला वापरा, त्यावर मेणाचा किंवा लॅनोलिनचा थर द्या, मग महिनाभर पाहायला नको. चेनला त्याने साफ केलं तर नंतर चेनचं वंगण द्यायला विसरू नका.

प्रश्न (चिपळूण) : आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. काहीजण त्यात डिझेल मिसळतात. योग्य की अयोग्य?

तेलाच्या थराने पाणी दूर राहतं, म्हणून ही पद्धत पडली आणि काही प्रमाणात ती काम करते. पण जळक्या ऑइलमध्ये काजळी, धातूची पूड आणि ज्वलनातून आलेली आम्लं असतात. त्यावर धूळ-चिखल चिकटून लगदा होतो आणि तोच लगदा ओल धरून ठेवतो, मग थराखाली गंज चालूच राहतो. डिझेलमुळे बुश आणि रबरी नळ्या फुगतात. थेंब मागच्या टायरवर किंवा ड्रमवर पडला तर घात. कातडीला वारंवार लागणंही धोक्याचं आहे. त्याच पैशांत अर्धा किलो ग्रीस आणि एक लॅनोलिन स्प्रे येतो. सेंटर स्टँडची खुंटी, मागच्या ब्रेकचा रॉड, चेन ॲडजस्टरचे आटे यांना ग्रीस, बाकी फ्रेमला स्प्रे. आधीचा लगदा मात्र रॉकेल आणि ब्रशने पूर्ण काढा.

गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल तर गाळ वाळायच्या आत धुवा. वाळलेला गाळ आट्यांत सिमेंटसारखा बसतो. दोन्ही ॲक्सल आणि स्विंग आर्मचा लांब बोल्ट त्याच आठवड्यात बाहेर काढून पुसून, दांडीला ग्रीस लावून परत घाला. हे बोल्ट आत नळीत अडकले की काढायला प्रेस लागतं.

प्रश्न (वास्को) : पुढच्या कॅलिपरचा ब्लीडर निपल गंजलाय. ब्रेक ऑइल बदलायचं आहे. आणि पॅड एका बाजूलाच झिजतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

ब्रेकमधली हवा आणि जुनं ऑइल काढायचा हा निपल पोकळ असतो, म्हणून सहज तुटतो. फिक्स पाना लावूच नका. ८ नंबरचा सहाकोनी सॉकेट घ्या. रबरी टोपी काढून बुडाशी पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन थेंब, एक रात्र थांबा, टोकावर हलकी हातोडी, आणि मग आधी किंचित आवळून सैल करा. ब्रेक होजचा बोल्ट सैल करण्याआधी निपल सुटतो की नाही हे पाहा, कारण न सुटल्यास गाडी निदान जागची हलवता यायला हवी. तेलाचा अंशही डिस्क-पॅडवर जाऊ देऊ नका, पॅड काढून ठेवले तर उत्तम. सुटलेला निपल परत न लावता नवा घ्या, स्वस्त असतो. ८ एमएमचे १.२५ पिचचे आणि १० एमएमचे १ पिचचे असे दोन प्रकार मिळतात, जुना सोबत न्या. आणि टोपी परत घाला. ती हरवलेली असते म्हणूनच निपल गंजतो.

एका बाजूची झीज बहुधा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्यामुळे. पिना काढून बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, खड्डे पडले असतील तर बदला. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगून पिन पुन्हा अडकते.

प्रश्न (टोरोंटो) : इथे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी गॅरेजमध्ये बंद असते. तरी वसंतात काढली की बोल्टांवर गंज दिसतो. भारतात असताना पावसात उभ्या गाडीचंही इतकं झालं नव्हतं.

तुमच्याकडे रस्त्यावर टाकलेलं मीठ हे एक कारण. शेवटच्या फेरीत ते बोल्टांवर बसलं आणि तुम्ही तसंच झाकलं. गाडी ठेवायच्या आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाणी मिठाची क्रिया वाढवतं. मग फिरवून वाळवा आणि एसीएफ-५० सारखा, विमानांसाठी बनवलेला गंजरोधक फवारा. सायलेन्सर थंड झाल्यावर तोंडाला तेलाचं फडकं लावून प्लास्टिक बांधा, आणि किल्लीला चिठ्ठी अडकवा म्हणजे काढायचं विसरणार नाही.

दुसरं कारण घाम. थंडगार लोखंडाला उबदार दमट हवा लागली की पाणी सुटतं, जसं फ्रिजमधल्या तांब्याला सुटतं. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं की गाडीला रोज असा घाम फुटतो. शेजारी बर्फ-मीठ माखलेली मोटार उभी करत असाल तर ती आणखी ओल आणते. गाडी काँक्रीटवर न ठेवता फळीवर किंवा जाड रबरावर ठेवा, कापडी कव्हर घाला, आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा बोल्टांच्या डोक्यांवरचा थर तपासा. मध्येच दहा मिनिटं इंजिन सुरू करू नका. ते पुरेसं तापत नाही, आणि सायलेन्सरमध्ये फक्त पाणी जमा होतं.

प्रश्न (नाशिक) : यामाहाचा उजवा आरसा दोन दिवस तेल टाकूनही निघत नाही. गंजच असेल ना?

जोर लावणं आधी थांबवा. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. तुम्ही सोडवतोय म्हणून तो आवळत असाल. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून पाहा. निघाला की बाहेरची पोकळी पुसून, आट्यांना थोडं ग्रीस लावून परत बसवा.